पंगतीबाहेरच्या नौका

जून १८७६ मध्ये न्यूयॉर्क येथील शर्यतीत नॅथॅनिएल हेरेशॉफ यांची ‘अमॅरिलिस’ ही जोडसांगाड्याची नौका मातब्बर नौकांना मागे टाकून गेली, तेव्हा तिच्या वेगाचे कौतुक व्हायचे ते राहिले बाजूला आणि तक्रारी मात्र तत्काळ दाखल झाल्या; निवाडा असा झाला की असल्या नौकेस त्या पंगतीत पाटच नाही. पुढील शतकाचा मागोवा घेताना मला तरी असे वाटते की, दोन वा तीन सांगाड्यांच्या लहान नौकांविषयी रसिकांना जी ओढ वाटत आली, तिचे मूळ वेगाइतकेच या बेदखलीत आहे.

जी स्थिरता इतर नौका तळाशी शिशाचे ओझे बांधून मिळवतात, ती या नौका केवळ रुंदीच्या बळावर साधतात. त्यामुळे त्या हलक्या, उथळ पाण्यात शिरणाऱ्या आणि वाऱ्याने फारशा न कलणाऱ्या होतात. (एकदा उलटल्या की उलट्याच राहतात, हा दोषही नमूद केलाच पाहिजे.) पॅसिफिकच्या द्वीपवासीयांस हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या अवगत होते, आणि आमच्या कोकणात होडीला उलांडी बांधणाऱ्या दर्यावर्द्यांसही ते कोणा विद्यापीठात शिकावे लागले नाही.

या विद्येस युरोपात खरा न्याय दिला तो मँचेस्टरच्या जेम्स व्हॅरम यांनी. स्वहस्ते बांधलेली, जेमतेम साडेतेवीस फुटांची ‘तांगारोआ’ घेऊन ते दोन जर्मन तरुणींसह १९५५ साली निघाले आणि अटलांटिक ओलांडून त्रिनिदादला पोहोचले. तेथे त्यांनी चाळीस फुटांची ‘रोंगो’ उभारली आणि १९५९ साली न्यूयॉर्कहून आयर्लंड गाठले. पुढे त्यांनी आपले आराखडे हौशी लोकांस विकले व सांगाडे खिळ्या-बोल्टांऐवजी दोरांनी जखडण्याचा पुरस्कार केला, जेणेकरून लाटेच्या आघातास नौका थोडी लवावी; हे कार्य मी कोणत्याही चषकाहून श्रेष्ठ मानतो.

कॅलिफोर्नियाच्या होबी ऑल्टर यांनी १९६८ पासून वाळूवरून थेट पाण्यात ढकलता येणारी लहान कॅटमरान, म्हणजे जोडसांगाडी नौका, सामान्यांच्या हाती दिली. १९७६ साली, म्हणजे त्या निवाड्यास बरोबर शंभर वर्षे झाल्यावर, ‘टॉर्नेडो’ ही कॅटमरान ऑलिंपिकमध्ये दाखल झाली. आणि १९७८ साली सेंट-मालो ते ग्वादलूप या शर्यतीत, तेवीस दिवसांच्या प्रवासाअंती, कॅनडाच्या माइक बर्च यांच्या चिमुकल्या तीनसांगाडी ट्रायमरानने कितीतरी मोठ्या एकसांगाडी ‘क्रिटर ५’ला अवघ्या ९८ सेकंदांनी मागे टाकले. त्यानंतर या नौका अवाढव्य व धनिकांच्या होत गेल्या. तो इतिहास निराळा, आणि माझ्या लेखी कमी रसाचा.