धांवणाऱ्याची नाडी व ती मोजणारें स्वस्त यंत्र

पहांटे नाचणगांवाहून पुलगांवाकडे जाणाऱ्या रस्त्यानें फिरावयास निघालें असतां धांवण्याचा सराव करणारे तरुण बहुधा दृष्टीस पडतात. कोणी पोलीस भरतीची तयारी करीत असतो, तर कोणी सैन्यांतील भरतीची. महाराष्ट्रांतील पोलीस शिपाई भरतींत मुलांस १६०० मीटर व मुलींस ८०० मीटर धांवावें लागतें, आणि तेथें एकेका सेकंदास मोल असतें. अशा घरांतून अलीकडे एक नवा प्रश्न निघूं लागला आहे. मुलगा म्हणतो, "बाबा, मला हृदयाचे ठोके दाखविणारें घड्याळ पाहिजे." वडील विचारतात, "तें घातल्यानें तूं अधिक वेगानें धांवशील काय?" दोघांचेंही म्हणणें रास्त आहे. कापूस-सोयाबीनच्या उत्पन्नावर चालणाऱ्या घरांत दोन हजार रुपये ही कांहीं लहान रक्कम नव्हे. म्हणून या यंत्राचा उपयोग किती, तें घ्यावयाचें झाल्यास कसें पारखावें, व न घेतां काम कसें भागवावें, याचा येथें थोडा विचार करूं.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, हा विषय केवळ हौसेचा नाहीं. जून २०१४ मध्यें मुंबई येथें पोलीस भरतीच्या वेळीं ५ किलोमीटर धांवण्याच्या चाचणींत कांहीं तरुण उमेदवार मृत्यू पावले, व त्यानंतर तें अंतर कमी करण्यांत आलें. उन्हांत आपल्या शक्तीचा अंदाज न घेतां धांवणें जिवावर बेतूं शकतें. हृदय आंतून जें सांगत असतें, तें ऐकावयास शिकणें हा या सर्व यंत्रांचा खरा हेतु आहे.

नाडीचें महत्त्व आपल्या लोकांस नवें नाहीं. शार्ङ्गधरसंहितेंत नाडीच्या गतीस सर्प, बेडूक व हंस यांच्या चालीच्या उपमा दिलेल्या आहेत. पण तेथें भर गतीच्या प्रकारावर आहे, ठोक्यांच्या संख्येवर नाहीं. संख्या मोजावयाची तर वेळ मोजणारें साधन हवें. इटलींतील वैद्य सान्तोरिओ यानें सतराव्या शतकाच्या आरंभीं लंबकाच्या साह्यानें नाडी मोजण्याची युक्ति काढली. पुढें १७०७ सालीं इंग्रज वैद्य जॉन फ्लॉयर यानें याच कामाकरितां एक मिनिट चालणारें घड्याळ वापरांत आणलें. धांवणाऱ्याच्या अंगावर बसणारें बिनतारी यंत्र मात्र फार उशिरां, म्हणजे १९८२ सालीं, फिनलंडमधील पोलार या कंपनीनें बाजारांत आणिलें.

विद्यार्थिमित्रहो, सर्वांत स्वस्त यंत्र तुमच्याजवळ आहेच. उजव्या हाताची तर्जनी व मध्यमा हीं दोन बोटें डाव्या मनगटावर, आंगठ्याच्या मुळाखालीं, हलकेंच ठेवा. आंगठ्यानें मोजूं नका, कारण त्याची स्वतःचीच नाडी उडत असते. भिंतीवरील घड्याळाकडे पाहून १५ सेकंदांतील ठोके मोजा व त्या संख्येस ४ नें गुणा. सकाळीं अंथरुणांतून उठण्यापूर्वीं हें रोज करून वहींत लिहून ठेवावें. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाचे ठोके साधारणतः मिनिटास ६० ते १०० असतात; नियमित व्यायाम करणाऱ्याचे त्याहून कमीही असूं शकतात. मानेच्या बाजूसही नाडी लागते, परंतु तेथें जोरानें दाबूं नये, आणि दोन्ही बाजू एकाच वेळीं तर मुळींच दाबूं नयेत.

मग यंत्राची गरज कोठें उरते? ती धांवतांना. धांवत असतां बोटांनीं मोजतां येत नाहीं, आणि थांबल्यावर पहिल्या मिनिटांतच ठोके झपाट्यानें उतरूं लागतात. म्हणून थांबतांच केवळ १० सेकंद मोजून ६ नें गुणण्याची रीत आहे. पण एक ठोका चुकला तर हिशेबांत ६ ठोक्यांची चूक होते. ज्यास धांवेच्या मध्येंच आपली स्थिति जाणून घ्यावयाची आहे, त्यास यंत्राचा उपयोग आहे. केवळ सकाळची नाडी पाहणारास तो नाहीं.

बाजारांत मुख्यतः दोन प्रकार दिसतात. एक छातीस बांधण्याचा पट्टा. हृदयाच्या प्रत्येक आकुंचनाबरोबर एक अत्यल्प विद्युत्-लहर उत्पन्न होते. पट्ट्यांतील दोन विद्युत्-अग्रें ती त्वचेवर टिपतात. त्वचा ओली असली म्हणजे हें काम नीट होतें, म्हणून पट्टा बांधण्यापूर्वीं तो पाण्यानें ओला करावा. दुसरा प्रकार मनगटावरच्या बँडचा अथवा स्मार्ट वॉचचा. त्याच्या पाठीशीं हिरवा दिवा लुकलुकतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतें. ठोक्यागणिक मनगटांतील रक्त कमी-अधिक होतें, त्याबरोबर परत येणारा प्रकाशही कमी-अधिक होतो, व त्यावरून ठोके मोजले जातात. स्वस्थ बसलें असतां हें यंत्र बहुधा बरोबर सांगतें. परंतु जोरानें धांवतांना हात हलतो, घड्याळ ढिलें असल्यास तें घसरतें, बाहेरचा प्रकाश आंत शिरतो, आणि आंकडा चुकतो. कधीं कधीं तर तें ठोके मोजण्याऐवजीं पावलें मोजूं लागतें! धांवणाऱ्याचीं पावलें मिनिटास १६० ते १८० च्या सुमारास पडतात. संथ धांवतांनाही घड्याळ सारखें १७० दाखवूं लागलें, तर संशय घ्यावा.

यावरून निवड कशी करावी हें स्पष्ट होतें. मनगटावरचे साधे बँड हजार-दीड हजार रुपयांपासून मिळतात. छातीचा पट्टा बहुधा त्याहून महाग पडतो. तथापि वेगाच्या धांवेंत विश्वास ठेवावयाचा तर पट्टाच बरा. शिवाय पट्टा साध्या साबणानें धुऊन दुसऱ्यास देतां येतो. चार मित्र मिळून अथवा एका शाळेचा धांवण्याचा संघ मिळून एकच पट्टा घेईल, तर प्रत्येकावर पडणारा भार थोडा होतो. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण येथें अक्षरशः लागू पडते.

घेतांना पुढील गोष्टी पहाव्या. पट्ट्याचा संदेश साध्या ब्ल्यूटूथनें कोणत्याही मोबाईलवर येतो कीं केवळ त्याच कंपनीच्या ॲपवर, हें विचारावें. आंतील बॅटरी नाण्याच्या आकाराची, गांवांत मिळणारी व आपल्या हातानें बदलतां येणारी असावी. घामानें पट्टा झिजतो, म्हणून नुसता पट्टा निराळा मिळतो कीं नाहीं हेंही पहावें. पक्की पावती घ्यावी, व माल परत करण्याची मुदत समजून घ्यावी. बँड घेतल्यास तो मनगटाच्या हाडापासून दोन बोटें वर, घट्ट पण रग न लागेल असा बांधावा. जाहिरातींतील पन्नास गुणांस भुलूं नये. कांहीं घड्याळें सुई न टोंचतां रक्तांतील साखर सांगण्याचा दावा करतात. परंतु फेब्रुवारी २०२४ मध्यें अमेरिकेच्या औषध-नियामक खात्यानें असें करणाऱ्या कोणत्याही घड्याळास आपण मान्यता दिलेली नसल्याचा इशारा दिला होता. जें यंत्र असा खोटा दावा करतें, त्याच्या ठोक्यांच्या आंकड्यावर तरी कसा भरंवसा ठेवावा?

यंत्र घरीं आल्यावर मुदतीच्या आंतच त्याची परीक्षा घ्यावी. पांच मिनिटें स्वस्थ बसून बोटांनीं पूर्ण एक मिनिट ठोके मोजावे व यंत्राच्या आंकड्याशीं ताडून पहावे. मग जिना चढून-उतरून, व शेवटीं धांवून थांबतांच, पुनः तसेंच करावें. बसलें असतां चार-पांच ठोक्यांचा फरक क्षम्य समजावा. वीस-तीसांचा फरक वारंवार पडल्यास यंत्र परत करावें. २०२० व २०२१ च्या कोरोनाच्या साथींत अनेक घरीं बोटास लावण्याचें ऑक्सिमीटर आलें. तेंही नाडी दाखवितें, व बसून ताडून पाहण्यास उपयोगी आहे. धांवतांना मात्र तें निरुपयोगी.

आतां आंकड्याचा अर्थ. वय २२० मधून वजा केलें असतां हृदयाच्या कमाल ठोक्यांचा स्थूल अंदाज येतो. अठरा वर्षांच्या तरुणास तो २०२. वयास ०·७ नें गुणून तो गुणाकार २०८ मधून वजा करावा, अशी दुसरी रीत २००१ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं सुचविली. तिनें हाच अंदाज सुमारें १९५ येतो. दोन रीतींतच इतकें अंतर, आणि व्यक्तिव्यक्तींत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. म्हणून ही संख्या रेघ नव्हे, पट्टी समजावी. सरावाच्या बहुतेक दिवशीं कमाल संख्येच्या तीन-चतुर्थांशापर्यंत, म्हणजे या उदाहरणांत दीडशेच्या आंतबाहेर, धांवावें. तेव्हां धांवतां धांवतां लहान वाक्य बोलतां आलें पाहिजे. जोराची धांव आठवड्यांतून एक-दोन दिवस पुरे.

आपल्या वर्धा जिल्ह्यांत या आंकड्याचा एक विशेष उपयोग आहे. मे महिन्यांत येथें पारा ४५ अंशांच्याही वर चढतो. उष्णतेंत अंग थंड ठेवण्याकरितां हृदयास त्वचेकडेही रक्त धाडावें लागतें, व घामानें शरीरांतील पाणी कमी होतें. म्हणून हिवाळ्यांतल्याच वेगानें धांवलें तरी ठोके अधिक पडतात. अशा वेळीं वेग कमी करणें हा भित्रेपणा नसून शहाणपण आहे. सकाळची नाडी नेहमींपेक्षां आठ-दहा ठोक्यांनीं वाढलेली आढळली, तर झोंप अपुरी झाली असेल, ताप येत असेल अथवा थकवा उरला असेल. त्या दिवशीं विसांवा घ्यावा.

पालकांस एक विनंति. हें यंत्र म्हणजे डॉक्टर नव्हे. धांवतांना छातींत कळ येणें, भोंवळ येणें, शुद्ध हरपणें, ठोके अकारण अनियमित होणें, किंवा घराण्यांत कोणी तरुणपणीं अकस्मात् दगावलेला असणें, यांपैकीं कांहींही असल्यास घड्याळाचा आंकडा ठीक दिसतो म्हणून स्वस्थ बसूं नये. धांवणें थांबवून वैद्यकीय तपासणी करवावी. आपल्या जिल्ह्यांत सेवाग्रामचें कस्तुरबा रुग्णालय आहे.

तात्पर्य, वडिलांच्या प्रश्नाचें उत्तर असें कीं, घड्याळानें कोणी अधिक वेगानें धांवत नाहीं; पण केव्हां थांबावें हें ज्यास कळतें, तो अधिक दिवस धांवूं शकतो. आणि मुलास इतकेंच सांगणें कीं, प्रथम महिनाभर दोन बोटें व भिंतीवरील घड्याळ यांनीं वही भर. ती वही पाहून वडील पट्ट्याचा विचार खचित करतील. आणि पट्टा न आला, तरी नाडी ओळखण्याची विद्या तुझ्यापाशीं राहीलच.