'रन'ची धाव

इंग्रजीचा अभ्यास नव्याने आरंभिलेल्या विद्यार्थ्यास जे शब्द अगदी पहिल्या इयत्तांतच भेटतात, त्यांत 'रन' हा एक होय. शब्द लहान, अर्थ सोपा : धावणे. मुलगा धावतो, घोडा धावतो, येथवर कसलीच अडचण येत नाही. परंतु पुढे एखाद्या धड्यात 'हिज फादर रन्स अ शॉप' असे वाक्य येते आणि विद्यार्थी थबकतो. त्याचे वडील दुकान धावतात, म्हणजे काय करतात? शब्दाचा अर्थ त्याने चोख पाठ केलेला असतो; तरीही वाक्याचा अर्थ काही केल्या लागत नाही.

या शब्दाचा पसारा केवढा आहे, याची कल्पना ऑक्सफर्डच्या बृहत्कोशावरून येते. त्या कोशाचा पहिला भाग १८८४ साली निघाला आणि ते काम पुरे व्हावयास १९२८ साल उजाडले. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या वीस खंडांच्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांबलचक नोंद 'सेट' या क्रियापदाची होती. तिसऱ्या आवृत्तीची सिद्धता चालू असता मात्र 'रन'ने त्याला मागे टाकले. पीटर गिलिव्हर या कोशकारांना या एका क्रियापदाची नोंद तयार करण्यास नऊ महिन्यांहून अधिक काळ लागला, आणि २०११ साली त्याचे ६४५ अर्थ झाल्याचे जाहीर झाले. एका क्रियापदासाठी नऊ महिने ही गोष्ट कोशकाराखेरीज इतरांस नवलाचीच वाटेल.

एवढे अर्थ या इवल्याशा शब्दाला येऊन चिकटले कसे? त्याचे मूळ शोधू गेले असता असे दिसते की, धावणे आणि वाहणे या दोन कल्पना त्यात आरंभापासूनच एकत्र नांदत होत्या. जर्मन भाषेत 'रेनेन' म्हणजे धावणे व 'रिनेन' म्हणजे वाहणे. हे दोन्ही शब्द 'रन'चे सख्खे भाऊबंद होत. यास्तव इंग्रजाचे पाणी 'रन' होते, नाक 'रन' होते, यात अलंकार असा काही नाही. आपल्या संस्कृतातील 'धाव्' या धातूलाही धावणे आणि वाहणे असे दोन्ही अर्थ आहेत. मराठीने मात्र त्यांतील पहिलाच तेवढा जवळ केला. कवीची नदी सागराकडे धावत असेल. नळाचे पाणी वाहतेच, आणि पडसे झाले की नाकही वाहते. धुण्यात कपड्याचा रंग 'रन' झाला, तर मराठीत तो जातो. भिंतीवरचा ओला रंग 'रन' झाला, तर तो ओघळतो.

पुढे यंत्रयुग आले. गिरण्या, आगगाड्या, पंप, छापखाने अशी जी जी वस्तू एकदा सुरू केली म्हणजे आपल्या गतीने अखंड काम करीत राहते, त्या प्रत्येकीला इंग्रजीने 'रन' हेच क्रियापद बहाल केले. यंत्रावरून ते दुकानाकडे, शाळेकडे, राज्यकारभाराकडे गेले. मराठी माणसाला याच सर्व ठिकाणी निराळे चित्र दिसले. त्याचे यंत्र धावत नाही, चालते. घड्याळ चालते, दुकान चालते, खटला चालतो, चित्रपट पंचवीस आठवडे चालतो. 'रन'चा मराठीतील खरा जोडीदार शोधावयाचा झाला, तर तो 'धावणे' नसून बहुतेक वेळा 'चालणे' हाच निघतो. आणि हा जोडीदारही काही कमी नाही. 'चहा चालेल का?' या साध्या प्रश्नाचे शब्दशः इंग्रजी केल्यास चहाला पाय फुटावयाचे!

समानार्थी शब्दांचीही अशीच गंमत आहे. थोड्या अंतरात सारी शक्ती पणाला लावून धावणे ते 'स्प्रिंट', व्यायामासाठी सावकाश धावणे ते 'जॉग', बुजलेल्या घोड्याने एकाएकी धूम ठोकणे ते 'बोल्ट'. शांतपणे चालला तर घोडाही 'वॉक'च करतो. मग दुडक्या चालीचा 'ट्रॉट', त्याहून वेगाचा 'कँटर' आणि शेवटी चौखूर उधळणारा 'गॅलप'. यांपैकी 'कँटर' हा शब्द कँटरबरी या क्षेत्राच्या नावावरून आला आहे. तेथे जाणारे यात्रेकरू म्हणे याच बेताच्या चालीने घोडी हाकीत. मराठीतील धावणे आणि पळणे हेही असेच समानार्थी म्हणून सांगितले जातात. तथापि ग्रांथिक मराठीत हाकेला धावतो तो सखा, आणि प्रसंग पाहून पळतो तो पळपुटा. कोशात शेजारी बसलेल्या या शब्दांची जागा वाक्यात सहसा बदलता येत नाही.

एकाच भाषेच्या दोन घरांतही चित्र बदलते. निवडणुकीसाठी अमेरिकेतील उमेदवार 'रन' करतो, म्हणजे धावतो. इंग्लंडमधील उमेदवार 'स्टँड' करतो, म्हणजे उभा राहतो. मराठी उमेदवारही उभाच राहतो, आणि शिवाय निवडणूक लढवतो.

म्हणून 'रन'च्या जागी 'धाव' कधी घालूच नये, असे मात्र नाही. विमानाच्या 'रनवे'ला मराठीने धावपट्टी म्हटले आणि तो शब्द रुळला. 'रनिंग कॉमेंटरी'चे धावते समालोचन झाले. क्रिकेटमधील 'रनआउट'ला मिळालेला 'धावचीत' हा शब्द तर फारच झकास आहे. त्यातील 'चीत' थेट कुस्तीच्या हौद्यातून आले आहे. मल्लाची पाठ मातीला लागली की तो चीत. यष्टिचीत, पायचीत हे त्याचेच सोबती. चेंडू सीमापार गेला की फलंदाज जागचा हलला नाही, तरी त्याच्या खात्यावर चार 'धावा' पडतात, हा विनोद मात्र दोन्ही भाषांत सारखाच आहे.

खरी पंचाईत होते ती विचार न करता केलेल्या भाषांतरात. पंपाबरोबर येणाऱ्या माहितीपत्रकात बहुधा एक इंग्रजी सूचना असते : 'डू नॉट रन द पंप ड्राय'. तिचे मराठी कोणी 'पंप कोरडा धावू नका' असे केले, तर शेतकऱ्याने त्यातून काय समजावे? पाण्यावाचून पंप चालू ठेवू नका, एवढेच तेथे सांगावयाचे असते. पंपाच्या आतील सीलला थंडावा आणि वंगण त्या पाण्यामुळेच मिळते. पाणी नसले की घर्षणाने ते तापते आणि निकामी होते. विहीर आटलेल्या उन्हाळ्यात हे वाक्य नीट कळले नाही, तर त्याची किंमत रोकड पैशांत मोजावी लागते. 'चाइल्ड इज रनिंग अ टेंपरेचर' याचेही तसेच. मराठी आई मुलाच्या कपाळाला हात लावून एवढेच म्हणते, 'अंगात ताप आहे.'

संगणकाचा प्रोग्रॅम मात्र अद्याप उंबरठ्यावरच आहे. काही जण तो चालवतात. बरेच जण अजून 'रन' करतात.