साठवलेला शेतमाल भिजला, तर मदत कुठून?

अतिवृष्टीने उभ्या पिकाचे ३३ टक्के किंवा अधिक नुकसान झाल्यास आपत्ती निधीतून हेक्टरी मदत मिळते. ती पिकाखालील क्षेत्रावर मोजतात. घरातल्या किंवा चाळीतल्या मालावर नाही. पंतप्रधान पीकविमा योजनेतील काढणीपश्चात संरक्षणही कापून शेतात वाळत टाकलेल्या पिकाला, १४ दिवसांपर्यंतच असते. यंदा आपल्याकडे ते लागू आहे का, हे कृषी कार्यालयात विचारावे.

म्हणून मळणी झालेला माल नोंदणीकृत गोदामात ठेवणे सुरक्षित. तिथे आग, पूर, चोरीसाठी मालाचा विमा असतो. पावतीवर तारण कर्जही मिळते. पावतीवरील वजन, प्रत तपासून घ्या.

घरचा माल भिजल्यास हलवण्याआधी फोटो काढा, तलाठ्यांना कळवा आणि पंचनाम्यात वजन लिहून घ्या. शासनाने विशेष मदत जाहीर केली, तर हाच पुरावा उपयोगी पडेल.