संगणक बदलतो तेव्हा आपला मजकूर

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या संगणकप्रणालीची नियमित देखभाल थांबवली. संगणक त्यामुळे बंद पडत नाही, पण सुरक्षेच्या नेहमीच्या सुधारणा येणे थांबते आणि आज ना उद्या विंडोज ११ कडे जावे लागते. भेलच्या वसाहतीलगतच्या आमच्या सोनागिरीत जी मराठी मंडळी संगणकावर लिहितात, त्यांच्यापैकी अनेकांनी मला एकच प्रश्न विचारला : नवी विंडोज घेतली तर माझे मराठी राहील का? प्रश्न भाबडा वाटतो, पण तसा तो नाही.

आधी वरवरच्या बदलाविषयी. २०१२ मध्ये विंडोज ८ ने डाव्या कोपऱ्यातले स्टार्ट बटण काढून टाकले. लोक इतके वैतागले की २०१३ च्या ८.१ मध्ये बटण परत आले आणि २०१५ च्या विंडोज १० मध्ये जुन्या वळणाचा मेनूही आला. २०२१ च्या विंडोज ११ ने चिन्हांची रांग पट्टीच्या मधोमध आणली. ती सेटिंगमधून पुन्हा डावीकडे नेता येते. लोक सर्वाधिक धास्तावतात ते यालाच. स्वयंपाकघरातले डबे कुणी हलवले की चार दिवस हळद शोधावी लागते, त्याहून हे जास्त नाही.

खरा धोका फाइलींच्या पोटात असतो. मध्य प्रदेशात हिंदीबरोबर मराठीही वर्षानुवर्षे कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टंकली गेली. या पद्धतीत ‘मराठी’ हा शब्द संगणकाच्या लेखी मराठी नसतोच. तिथे असतात पाच रोमन अक्षरे : ई, जे, के, मोठा बी आणि एच. फॉन्ट त्यांच्यावर म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी यांची चित्रे चढवतो. नव्या संगणकात तो फॉन्ट नसेल, तर चित्रे गळून पडतात आणि खालची रोमन अक्षरे उघडी पडतात. शोधयंत्रालाही त्यात मराठी सापडत नाही.

युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी वर्णाला स्वतःचा क्रमांक आहे. या प्रमाणाची पहिली आवृत्ती १९९१ ची, आणि विंडोज २००० पासून देवनागरीला प्रणालीतच आधार मिळाला. असा मजकूर कोणत्याही प्रणालीत, कोणत्याही देवनागरी युनिकोड फॉन्टमध्ये मराठीच राहतो. ज्याचे लेखन युनिकोडमध्ये आहे त्याने विंडोजच्या नव्या रूपाची काळजी करू नये. ज्याचे नाही, त्याने मात्र जुना संगणक विकण्याआधी काम उरकावे.

हाताच्या सवयीचा भागही आहे. टाइपरायटरवर शिकलेला माणूस ‘किरण’ लिहिताना आधी वेलांटी टंकतो, मग क; कारण डोळ्याला तसे दिसते. इन्स्क्रिप्ट कळफलकावर आधी क आणि मग वेलांटी, कारण आपण उच्चारतो तसे. ज्यांना हात बदलायचा नाही त्यांच्यासाठी रेमिंग्टन गेल मांडणी युनिकोडमध्येही आहे. आपल्या राज्याची सीपीसीटी परीक्षा दोन्ही मांडण्यांना वाव देते. नवशिक्यांना मी इन्स्क्रिप्टच शिकवतो. भारतीय भाषांसाठी ती जवळपास एकच मांडणी आहे, मराठी शिकलेला हात गुजराती, बंगालीतही चालतो.

जुन्या फाइली युनिकोडमध्ये आणण्यासाठी परिवर्तक मिळतात, पण आपल्याकडचे बरेचसे हिंदी डोळ्यांपुढे ठेवून केलेले. म्हणून रूपांतर झाल्यावर मी सर्वांत आधी ऱ पाहतो. ‘आचाऱ्यांना जेवायला वाढले’ म्हणजे स्वयंपाक्यांना आणि ‘आचार्यांना’ म्हणजे गुरुजनांना. एका अक्षरात पंगत बदलते. इन्स्क्रिप्टवर शिफ्टसह जे दाबल्यास ऱ येतो, पुढे डी ने हलन्त. मग पाहायचे जोडाक्षर आणि रफार.

हे तपासणे यंत्रावर सोडता येत नाही, आणि त्याला मुदत आहे. आमच्या गल्लीतल्या एका काकांकडे मंडळाच्या स्मरणिकांच्या वीस वर्षांच्या फाइली आहेत. “चालतोय तोवर चालू दे,” असे ते जुन्या संगणकाविषयी म्हणतात. संगणक चालेलही, पण त्या लेखांचे निम्मे लेखक आता नाहीत. अस्पष्ट शब्द नेमका कोणता, हे सांगणारे जे उरले आहेत, त्यांच्यासमोर बसूनच ही फाइल वाचली पाहिजे. सध्या रविवारी सकाळी आम्ही दोघे तेच करतो. एक जण छापील अंक धरतो, दुसरा पडदा वाचतो. २००९ च्या अंकापर्यंत आलो आहोत.

विंडोज ११ घेतलेल्यांसाठी एवढेच : सेटिंगमधील वेळ आणि भाषा या विभागात मराठी जोडा. मग विंडोजची कळ दाबून स्पेस दाबली की इंग्रजीवरून मराठीवर जाता येते. ही जोडी विंडोज १० मध्येही हीच होती.