हिंगाच्या डबीतला गहू

पथ्याचं घर : लेखांक 7

गेल्या आठवड्यात सीलिअ‍ॅकचं निदान कसं होतं ते पाहिलं. आधी रक्ताची टीटीजी तपासणी, मग दुर्बिणीतून आतड्याचा नमुना आणि शेवटी डॉक्टरांचं ते वाक्य : गहू आयुष्यभर बंद. आज त्या वाक्यापुढची गोष्ट, म्हणजे घरी आल्यावर करायचं काय.

माझ्या भाचीचं निदान झालं त्याच संध्याकाळी बहिणीने कणकेचा डबा, रवा, मैदा, शेवया, उन्हाळ्यात घातलेल्या गव्हाच्या कुरडया, सगळं शेजारी देऊन टाकलं. घरात भात आणि भाकरी सुरू झाली. सहा महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं, तर आकडा हवा तसा उतरलाच नव्हता. पोरीचं पोट अधूनमधून फुगायचंच. पोळी नाही, ब्रेड नाही, बिस्कीट नाही, मग गहू येतोय कुठून? एका रविवारी आम्ही दोघींनी स्वयंपाकघरातला एकूणएक डबा खाली काढला आणि भिंग घेऊन बसलो.

पहिली सापडली हिंगाची डबी. हिंग म्हणजे फेरूला नावाच्या झाडाच्या मुळातून पाझरणारा चीक. तो आपल्याकडे मुख्यतः अफगाणिस्तान आणि इराणमधून येतो. आपल्याकडे लागवडीचा प्रयत्न अगदी अलीकडचा. पालमपूरच्या हिमालयीन जैवसंपदा तंत्रज्ञान संस्थेने ऑक्टोबर 2020मध्ये लाहौल खोऱ्यात रोपं लावली. हा चीक इतका उग्र असतो की नुसता वापरणं अवघड, म्हणून त्यात गोंद आणि पीठ मिसळून ‘बांधानी’ हिंग करतात. ते पीठ तांदळाचं असू शकतं, पण बऱ्याचदा मैदाच असतो. वेष्टनावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. आमच्या डबीवर पहिलं नाव गव्हाच्या पिठाचं होतं, हिंगाचं नाव त्याच्या खाली. म्हणजे वरणाच्या प्रत्येक फोडणीत चिमूटभर मैदा पडत होता. खडा हिंग घेतला की सुटलो, असंही नाही. बांधानी हिंगाचेही खडे मिळतात. तांदळाच्या पिठातला हिंग आता सहज मिळतो, फक्त मागून घ्यावा लागतो.

दुसरं सापडलं मेतकूट. आजारी माणसाला मऊ भात आणि मेतकूट, हे आपल्या हाडीमांसी भिनलेलं. पण त्यात डाळींबरोबर गहूही भाजून घातलेला असतो. थालीपिठाच्या भाजणीचंही तेच. दोन्ही गव्हाशिवाय छान होतात. बहीण आता तांदूळ थोडे वाढवते, चवीत फरक पडत नाही.

पण खरा घोटाळा डब्यात नव्हताच, तो गिरणीत होता. आपल्याकडे बायका गिरणीवाल्याला बजावतात, “गव्हावर ज्वारी टाकू नका हो, भाकरी थापता येत नाही.” ते चवीसाठी आणि वळण्यासाठी. सीलिअ‍ॅकच्या घरात हाच प्रश्न तब्येतीचा होतो. गव्हातलं त्रास देणारं प्रथिन म्हणजे ग्लुटेन. ग्लुटेनमुक्त म्हणायला आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने किलोमागे 20 मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. गव्हाच्या पिठात साधारण दहा टक्के ग्लुटेन धरलं, तर किलोभर ज्वारीच्या पिठात पाव ग्रॅम कणीक मिसळली तरी ही मर्यादा ओलांडली जाते. पाव ग्रॅम म्हणजे चिमटीत मावेल इतकं. गिरणीच्या पाळ्यांमध्ये आणि पिठाच्या पिशवीच्या शिवणीत त्याहून कितीतरी जास्त अडकलेलं असतं. बहिणीने हप्त्यावर घरघंटी घेतली आणि तिच्यात आजवर गव्हाचा एक दाणा टाकलेला नाही. चाळणी, पोळपाट आणि लाटणंही वेगळं. खर्च झाला, पण पुढच्या तपासणीत आकडा उतरला.

इतकी सूक्ष्म गोष्ट माणसाला कळली कशी? विलेम डिके नावाचे डच बालरोगतज्ज्ञ गव्हावर आधीपासूनच संशय घेऊन होते. 1944-45च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये भीषण अन्नटंचाई झाली, पाव मिळेनासा झाला आणि त्या उपासमारीतही सीलिअ‍ॅकची मुलं सुधारली. पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. 1950मध्ये त्यांनी यावर प्रबंध लिहिला.

बाजारातली वस्तू घेताना मी आधी घटकांच्या यादीशेजारची अ‍ॅलर्जीची ओळ बघते. गहू असेल तर तिथे तो लिहावाच लागतो. हिरवा ठिपका फक्त शाकाहार सांगतो, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. ‘व्हीट-फ्री’ लिहिलं म्हणून भुलू नका. जव आणि राय या दोन्हींत त्रास देणारी प्रथिनं आहेत आणि माल्ट हे बहुधा जवाचंच असतं. सोया सॉसमध्ये गहू असतो हे ऐकून माझ्या कितीतरी मैत्रिणींना धक्का बसला. आणि ओळखीची वस्तू असली तरी दर वेळी नव्याने वाचा, कंपन्या कृती बदलतात.

उलट एकादशीचं स्वयंपाकघर या मुलांसाठी वरदान आहे. साबुदाणा, वरई, राजगिरा, शिंगाडा, सगळं चालतं. मात्र पिठं सुटी घेऊ नका, राजगिरा आणून घरीच दळा.

आणि आता कुत्र्याचं. हो, तोही याच लेखात बसतो. भाचीने दहाव्या वाढदिवसाला कुत्रा मागितला. फ्लॅट लहान, म्हणून कुत्राही लहान हवा. पग गोड दिसतो, पण चपट्या नाकामुळे त्याला आपल्या उन्हाळ्यात धड धापही टाकता येत नाही. मी स्पष्ट नको म्हटलं. डॅशहंडची लांब पाठ सोफ्यावरून उड्या मारून दुखावते आणि या घरात लिफ्ट नाही. शेवटी इंडियन स्पिट्झ आणला. त्यालाच आपण बिनदिक्कत पॉमेरेनियन म्हणतो. तो भुंकतो फार आणि केसही गाळतो, पण आपली हवा त्याला मानवते.

त्याच्यासाठी आणलेल्या पहिल्याच खाद्याच्या पिशवीत गहू निघाला. कुत्रा खातो, मग तोंड चाटतो. पोरगी मुठीने खाऊ घालते आणि तोच हात तोंडाशी नेते. दूध-पोळीचा तर प्रश्नच नव्हता. पशुवैद्यांना विचारून तांदूळ असलेलं खाद्य ठरवलं. त्याचीही पथ्यं आहेतच : कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट, आणि साखरमुक्त च्युइंगगममधलं झायलिटॉल. हे शेवटचं तर कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं.

परवा दुकानात नवं खाद्य घ्यायचं होतं. भाचीने पिशवी उलटी केली, फरशीवर बसली आणि बारीक अक्षरांखालून बोट सरकवत वाचू लागली. तांदूळ, कोंबडी, मका. बोट थांबलं. “मावशी, यात बार्ली आहे,” म्हणाली आणि पिशवी उचलून जागेवर ठेवून आली.

पुढच्या आठवड्यात : शाळेचा डबा आणि मित्राचा वाढदिवस