‘किरणोत्सर्ग’ या शब्दाचा व्याप : विद्युतचुंबकीय तरंगांविषयीच्या एका लोकप्रश्नाचे विवेचन

प्रस्तावना :
परळ येथील टाटा मेमोरियल रुग्णालयात १९४१ पासून कर्करोगावर उपचार होत आहेत. तेथे कर्कपेशी नष्ट करण्यासाठी जे वापरतात त्यास आपण ‘किरणोत्सर्ग’ म्हणतो. लालबाग-परळच्या गच्च्यांवरील भ्रमणध्वनीच्या मनोऱ्यांतून जे बाहेर पडते त्यासही मराठीत सर्रास हाच शब्द योजला जातो. मग ‘जे पेशी मारते तेच आमच्या डोक्यावर बसविले आहे काय?’ असा प्रश्न सामान्य माणसाला पडल्यास नवल नाही. त्याचे उत्तर शोधणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचन :
रेडिओतरंग, दृश्य प्रकाश, क्ष-किरण व गॅमा किरण हे सर्व विद्युतचुंबकीय तरंगच होत. निर्वातात त्या सर्वांचा वेग एकच, सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर असतो. भेद आहे तो वारंवारतेचा. आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये प्रतिपादन केल्याप्रमाणे प्रकाशाची ऊर्जा सुट्या पुड्यांच्या म्हणजे फोटॉनांच्या रूपात असते आणि प्रत्येक फोटॉनाची ऊर्जा वारंवारतेच्या प्रमाणात असते.

१८०० मेगाहर्ट्झच्या तरंगातील फोटॉनाची ऊर्जा सुमारे ०.०००००७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. हिरव्या प्रकाशाची सुमारे २.३, तर किरणोपचारातील कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांची १० लाखांहून अधिक. पेशीतील रेणूमधून इलेक्ट्रॉन उखडण्यास साधारणतः १० इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. फोटॉनांची संख्या वाढवून ही उणीव भरून निघेल काय? थर न लावता हजारो जणांनी एकेकट्याने उड्या मारल्या तरी उंच हंडी फुटत नाही. मनोऱ्याच्या तरंगांतील फोटॉनांचे असे थर लागत नाहीत.

याचा अर्थ हे तरंग सर्वथा निष्प्रभ आहेत असा नव्हे. शोषले गेल्यास ते ऊतींना उष्णता देतात व सुरक्षा-मर्यादा मुख्यतः त्यावरच आधारलेल्या आहेत. भारताने सप्टेंबर २०१२ मध्ये ही मर्यादा एक-दशांशावर आणली. ९०० मेगाहर्ट्झसाठी ती प्रतिचौरस मीटर ०.४५ वॅट ठरली. भर दुपारचे ऊन सुमारे १००० वॅट देते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये रेडिओतरंगांना ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात ठेवले, ते पुरावा मर्यादित असल्यामुळे. उन्हातील अतिनील किरणांचा समावेश मात्र निश्चित कर्करोगकारकांत होतो.

निष्कर्ष :
या शब्दगोंधळामुळे भीती चुकीच्या जागी बसते. मनोऱ्याविरुद्ध सह्या गोळा होतात; पण खरोखर आयनकारी असलेल्या क्ष-किरणांचे सीटी स्कॅन आवश्यक आहे का, हे क्वचितच विचारले जाते. म्हणून सर्वसाधारण अर्थी ‘प्रारण’ आणि केवळ किरणोत्सारी अणूंबाबत ‘किरणोत्सर्ग’ असा भेद अध्यापकांनी वर्गात कटाक्षाने पाळावा. ‘वारंवारता किती?’ आणि ‘तीव्रता किती?’ हे दोन प्रश्न विद्यार्थी स्वतःहून विचारू लागला, तर त्याची भीती आणि त्याची सावधगिरी दोन्ही योग्य ठिकाणी पोहोचतील.