बायोमास तापनासाठी इंधनाची निवड : लाकडी ढलप्या की पेलेट्स? युरोपीय अनुभवाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

थंड हवामानाच्या प्रदेशांत शाळा, रुग्णालये, कार्यालये व निवासी इमारती उबदार ठेवण्यासाठी मोठ्या प्रमाणावर उष्णता लागते. १९७३ च्या तेलसंकटानंतर स्वीडन, ऑस्ट्रिया यांसारख्या वनसंपन्न देशांनी खनिज तेलाला पर्याय म्हणून लाकडाकडे नव्याने पाहण्यास सुरुवात केली. स्वयंचलित बॉयलरला यंत्राद्वारे पुरविता येईल अशा लाकडी इंधनाची दोन रूपे प्रामुख्याने प्रचलित झाली. पहिले रूप लाकडी ढलप्यांचे असून त्यांना व्यवहारात वूड चिप्स म्हणतात, तर दुसरे पेलेट्सचे. दोहोंचे मूळ द्रव्य एकच असले तरी त्यांचा साठा, वाहतूक, खर्च व धोके भिन्न आहेत. प्रस्तुत लेखात या निवडीचे निकष स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

इंधनांचे स्वरूप :

ओंडके, फांद्या व विरळणीतून निघालेले लाकूड यंत्राने कापून ढलप्या तयार होतात. ताज्या लाकडात वजनाच्या सुमारे ५० टक्के पाणी असते. बहुतेक लहान व मध्यम बॉयलरसाठी ते ३० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून खाली आणावे लागते. पेलेट्स मात्र भुसा व रंध्याच्या सालीसारखे सुकविलेले बारीक द्रव्य साच्यातून उच्च दाबाने दाबून बनवितात. लाकडातील लिग्निन उष्णतेने मऊ होऊन कण एकमेकांना चिकटतात. आयएसओ १७२२५-२ या मानकानुसार घरगुती वापराच्या पेलेट्सचा व्यास ६ किंवा ८ मिलिमीटर, आर्द्रता कमाल १० टक्के व ‘ए-१’ या उच्च श्रेणीतील राख कमाल ०.७ टक्के असते. ढलप्यांसाठी आयएसओ १७२२५-४ हे स्वतंत्र मानक आहे. परंतु स्थानिक पातळीवर मिळणाऱ्या ढलप्यांची प्रत खेपेगणिक बदलू शकते.

आर्द्रता आणि उष्णतामूल्य :

या निवडीतील कळीचा घटक म्हणजे पाणी. लाकडातील पाण्याची वाफ करण्यातच उष्णतेचा काही भाग खर्ची पडतो. ५० टक्के आर्द्रतेच्या एक किलो लाकडापासून सुमारे २.३ युनिट (किलोवॅट-तास), ३० टक्के आर्द्रतेच्या लाकडापासून सुमारे ३.५ युनिट, तर पेलेट्सपासून सुमारे ४.८ युनिट उष्णता मिळते. त्यामुळे दोन इंधनांची तुलना प्रति टन किमतीने करणे दिशाभूल करणारे ठरते. तुलना प्रति युनिट उष्णतेच्या किमतीनेच व्हावयास हवी.

पेलेट्सचा हा लाभ विनामूल्य नाही. ओल्या भुशापासून एक टन पेलेट्स बनविण्यासाठी सुमारे ९०० किलो पाणी उडवावे लागते. आधीच कोरडा असलेला भुसा उपलब्ध असेल तर हा खर्च बराच टळतो.

साठवणुकीचा प्रश्न :

१०० किलोवॅट क्षमतेचा व ८५ टक्के कार्यक्षमतेचा बॉयलर वर्षाकाठी १,५०० तास पूर्ण क्षमतेने चालतो असे मानू. त्यास सुमारे १,७६,००० युनिट उष्णतामूल्याचे इंधन लागेल. ते सुमारे ३७ टन पेलेट्स अथवा ३० टक्के आर्द्रतेच्या ५० टन ढलप्यांतून मिळेल. वजनातील हा फरक फार मोठा नाही, परंतु आकारमानातील फरक निर्णायक आहे. पेलेट्सना सुमारे ५७ घनमीटर, तर ढलप्यांना सुमारे २०० घनमीटर जागा लागेल. ऐन हिवाळ्यात पूर्ण भारावर दोन आठवडे पुरेल इतका साठा करावयाचा झाल्यास पेलेट्ससाठी सुमारे १३ व ढलप्यांसाठी सुमारे ४५ घनमीटरचे कोठार हवे. शिवाय ढलप्यांच्या वाहनाला वळण्यासाठी व इंधन ओतण्यासाठी मोकळे आवार लागते. पेलेट्स टँकरमधून हवेच्या दाबाने नळीद्वारे कोठारात सोडता येतात. दाट वस्तीतील इमारतीसाठी हा मुद्दाच अनेकदा निर्णय करून टाकतो.

सुरक्षितता :

पेलेट्स स्वच्छ व कोरडे असल्याने निर्धोक वाटतात, पण तसे नाही. लाकडातील मेदाम्लांच्या ऑक्सिडीकरणामुळे बंद कोठारात कार्बन मोनॉक्साइड हा गंधहीन विषारी वायू साचतो. २०१० मध्ये जर्मनीत व २०११ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये पेलेट्सच्या कोठारात शिरलेल्या व्यक्तींचा यामुळे मृत्यू झाला. कोठाराला वायुवीजन असणे आणि आत जाण्यापूर्वी वायूची मोजणी करणे म्हणूनच अत्यावश्यक आहे. ओल्या ढलप्यांच्या ढिगात जिवाणू व बुरशीच्या क्रियेमुळे उष्णता निर्माण होते. इंधनाचा काही अंश वाया जातो व बुरशीचे बीजाणू श्वसनास अपायकारक ठरतात.

पुरवठा आणि धोरण :

ऑस्ट्रियातील ग्युसिंग या वनवेष्टित गावाने १९९० मध्ये खनिज इंधनापासून मुक्त होण्याचे धोरण स्वीकारले व १९९६ मध्ये लाकडावर चालणारी सामुदायिक तापनव्यवस्था उभारली. परिसरातील लाकूडच इंधन असल्याने बाहेर जाणारा पैसा स्थानिक शेतकरी व वनमालकांकडे राहू लागला. ढलप्यांचे खरे बळ या जवळिकीत आहे. लांबच्या वाहतुकीत त्यांचे हलके, ओलसर आकारमान महाग पडते. पेलेट्स समुद्रापारही नेता येतात. मात्र त्यामुळेच ते जागतिक उलथापालथींना बळी पडतात. २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर युरोपीय संघाने रशियन लाकडाची आयात थांबविली. त्या वर्षाच्या उत्तरार्धात जर्मनी व ऑस्ट्रियात पेलेट्सचे भाव आदल्या वर्षाच्या दुपटीहून अधिक झाले.

चुकीच्या अनुदानाचा परिणाम उत्तर आयर्लंडमध्ये दिसला. २०१२ मध्ये सुरू झालेल्या योजनेत १०० किलोवॅटपेक्षा लहान बॉयलरना प्रति युनिट ५.९ पेन्स अनुदान होते. इंधनाचा गृहीत खर्च मात्र ४.३९ पेन्स होता. ग्रेट ब्रिटनप्रमाणे ठरावीक तासांनंतर दर घटविण्याची तरतूद नोव्हेंबर २०१५ पर्यंत नव्हती. परिणामी गरज नसताना इंधन जाळणेही फायद्याचे ठरू लागले. फेब्रुवारी २०१६ मध्ये योजना नव्या अर्जदारांसाठी बंद झाली. या प्रकरणावरून जानेवारी २०१७ मध्ये उपप्रथममंत्री मार्टिन मॅकगिनेस यांनी राजीनामा दिला व तेथील सरकार कोसळले. चौकशी समितीचा अहवाल मार्च २०२० मध्ये प्रसिद्ध झाला.

निष्कर्ष :

जागा मुबलक, उष्णतेची मागणी मोठी व अखंड, लाकूड जवळपास उपलब्ध आणि देखभालीस प्रशिक्षित व्यक्ती असेल तेथे ढलप्या योग्य होत. जागा अपुरी, मागणी लहान वा अनियमित आणि देखभालीस मनुष्यबळ नसेल तेथे पेलेट्स अधिक सोयीचे ठरतात. तथापि इमारतीची उष्णता-गळती आधी रोखली नाही, तर कोणतेही इंधन महागच पडेल.

महाराष्ट्रात इमारती तापविण्याची गरज अल्प आहे. परंतु केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये औष्णिक विद्युत केंद्रांत कोळशासमवेत बायोमास पेलेट्स जाळण्याचे सुधारित धोरण जाहीर केले. विदर्भातील पऱ्हाटी वा तुराट्यांचा या दृष्टीने विचार करतानाही ओलावा, राख, वाहतुकीचे अंतर आणि प्रति युनिट खर्च हेच निकष लागू पडतात. शेतातच जाळून टाकल्या जाणाऱ्या अवशेषांचे मोल शेतकऱ्याच्या पदरात पडेल की वाहतुकीत विरून जाईल, हे या निकषांवरच ठरणार आहे.